‘बायसेप’ नव्हे, ‘बायसेप्स’

महोदय,

व्यायामावरच्या लेखांत ‘उजवा बायसेप’, ‘बायसेपला ताण’ असे सर्रास छापले जाते. शेवटचा ‘स’ इंग्रजी अनेकवचनाचा समजून एकवचनात तो छाटला जातो. प्रत्यक्षात तो लॅटिन प्रथमेचा प्रत्यय आहे. दंडातला हा स्नायू एकच असला तरी तो बायसेप्सच. काही इंग्रजी कोशांनी ‘बायसेप’ला जागा दिली आहे, पण ती रूढीला दिलेली सूट. शरीररचनाशास्त्र ते रूप मानत नाही.

‘बि’ म्हणजे दोन, ‘कापुत’ म्हणजे डोके. ‘दोन डोकी आहेत ज्याला तो’ असा हा सरळ बहुव्रीही. मराठीतले ‘द्विशिरस्क’ अगदी नेमके आहे. डोकी म्हणजे स्नायूची वरची टोके, एक लांब, एक आखूड, दोन्ही खांद्याच्या फऱ्याला लागलेली.

लॅटिन शब्दाचे अंग (प्रत्यय ज्याला लागतो ते मूळ रूप) पुष्कळदा प्रथमेत लपते आणि षष्ठीत उघडे पडते. ‘बिकेप्स’ची (बायसेप्सचा लॅटिन उच्चार) षष्ठी ‘बिकिपितिस’. या स्नायूच्या लांब डोक्याची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) दंडाच्या हाडावरच्या ज्या खाचेतून जाते, तिला डॉक्टर ‘बायसिपिटल ग्रूव्ह’ म्हणतात. मूळ शब्द ‘बायसेप’ असता तर हे ‘पिट’ आले कुठून? ट्रायसेप्स, क्वाड्रिसेप्स यांचेही तसेच. चिमट्याचा ‘फोर्सेप्स’ मात्र दिसायला भाऊबंद असला तरी कूळ वेगळे: त्यात डोके नाही, ‘कापेरे’ म्हणजे पकडणे हा धातू आहे, षष्ठी ‘फोर्किपिस’. ‘स’ तिथेही मूळचाच.

मांडीच्या मागेही एक बायसेप्स आहे, म्हणून पूर्ण नावात ‘ब्राकिई’ (दंडाचा) किंवा ‘फेमोरिस’ (मांडीचा) ही षष्ठी येते. रोमन लिपीत ‘ब्राकिई’च्या शेवटी दोन ‘आय’ हवेत: पहिला ‘ब्राकिउम’च्या अंगातला, दुसरा प्रत्ययाचा. ‘दोर्सुम’च्या (पाठ) अंगात तो नाही, म्हणून ‘दोर्सी’ला एकच पुरतो. शरीररचनेच्या तक्त्यांत ही गफलत नेहमीची.

मराठीत अनेकवचनाचा प्रश्नच नाही. एक दगड, दोन दगड. तसेच एक बायसेप्स, दोन बायसेप्स. ‘बिकिपितेस’ हे लॅटिन अनेकवचन छापण्याचा सोस नको. मुद्रितशोधकांनी ‘बायसेपला’, ‘ट्रायसेपचा’ अशी विभक्तीची रूपे आधी तपासावीत. चूक बहुधा तिथेच दडलेली असते.

– शरीररचनाशास्त्राचा एक अध्यापक