मनू, ती भिंत पाडायच्या आधी

प्रिय मनू,

काल तुझ्या घरातली खालच्या दोन खोल्यांमधली भिंत पाडायचा विषय निघाला तर तू म्हणालीस "बाबा, इथे सगळं सिस्टीमने होतं, तुम्ही नका टेन्शन घेऊ" आणि तेवढ्यात आरव रडायला लागला म्हणून फोन ठेवलास. आरवचा आवाज मलाही आला, पण आई म्हणते तू चिडलेलीस. असो. फोनवर परत तेच तेच नको म्हणून लिहितोय, सावकाश वाच, निखिललाही दे, आणि भिंतीबद्दल या पत्रात एकदाच बोलणार आहे.

आधी हे की घराचे फोटो मी अख्ख्या सोसायटीला दाखवलेत. लीड्समध्ये स्वतःच्या नावावर घर, लाल विटांचं, १९०५ सालचं. तेव्हा आपल्या वाशीला नुसती खाडी आणि भातशेती, सिडको यायलाच अजून ६५ वर्षं होती. खालचे काका म्हणाले एवढं जुनं घर कशाला घेतलं, तर मी त्यांना म्हटलं काका, आपली बिल्डिंग त्या घराच्या निम्म्या वयाची पण नाही आणि स्लॅबचं प्लास्टर ताटात पडतंय, मुलीने बघून घेतलंय. आतून मात्र मला काय वाटत होतं ते तुला सांगायची गरज नाही.

आता भिंत. निखिल म्हणाला ना, ठाण्याला मावशींनी किचनची भिंत काढून ओपन केलं, एका दिवसात झालं. बरोबर आहे, पण मावशींची बिल्डिंग आरसीसी आहे. तिथे वजन स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर, म्हणजे खांबावर, आणि कॉलममधून खाली फुटिंगला, म्हणजे पायाला जातं, मधली ४ इंची भिंत नुसता आडोसा. (तरी सोसायटीला आणि इंजिनियरला विचारूनच हात लावायचा, पण ते जाऊ दे.) तुझ्या घरात कॉलम नाहीतच गं. तिथे भिंत हाच कॉलम. वरच्या मजल्याच्या लाकडी तुळया कुठल्या तरी भिंतीवर टेकलेल्या आहेत, कदाचित त्याच भिंतीवर, आणि वरच्या बेडरूमची भिंतही त्याच भिंतीवर उभी असेल. त्या बेडरूममध्ये आरव झोपतो.

एक कर. वरच्या खोलीतलं कार्पेट एका कोपऱ्यात उचल आणि फळ्या बघ. फळ्यांवर खिळ्यांच्या सरळ रेषा दिसतील, त्या रेषेखाली तुळई. ती रेषा तुमच्या भिंतीला आडवी जात असेल तर तुळया त्या भिंतीवर टेकलेल्या असण्याची शक्यता खूप. समांतर असेल तर जरा बरं, पण तरी भिंत मोकळी आहे असं समजू नकोस, वर दुसरी भिंत असू शकते. नौपाड्याच्या घरी माळा असाच होता, आठवतंय का, आजोबा वर चालले की दोन फळ्यांच्या फटीतून धूळ खाली आमटीत यायची आणि आजी ओरडायची. ते घर पाडताना मी सगळ्या तुळया मोजून उतरवून घेतल्या होत्या, सागाच्या, एकीलाही वाळवी नव्हती. दादा म्हणाला विकून टाकू, मी नाही म्हटलं, शेवटी काय झालं ते तुला माहितीये.

बरं, मुद्दा काय की भिंतीपेक्षाही मला ती धुराची चिमणी जास्त खातेय. पुढच्या खोलीतला तिचा तो विटांचा पुढे आलेला भाग काढला की सोफा बसेल, खरंय. पण वरच्या खोलीत तोच भाग आहे, त्याच्यावर पोटमाळ्यात आहे, आणि छपरावर अख्खी चिमणी आहे. खालून काढलात तर वरचं सगळं, काही टन वीट, कशावर उभं राहणार? एक तर वरपासून सगळं उतरवायचं, नाहीतर खाली इंजिनियरने काढलेल्या हिशोबाने स्टीलचा आधार द्यायचा. आणि रो हाऊस आहे तुझं, ती भिंत तुझ्या एकटीची नाही, शेजारच्या आजींची पण आहे, त्यांचा धूर त्याच चिमणीतून जात असेल. तिकडे १९९६ चा पार्टी वॉल कायदा आहे, अशा सामाईक भिंतीच्या कामाला दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. तो बिल्डर म्हणाला "दोन दिवसांचं काम, बीम टाकून देतो". कुठला बीम? किती इंची? दोन्ही टोकांना कशावर बसणार? जुनी वीट आणि चुन्याचे सांधे, त्यावर एका ठिकाणी एवढं वजन आलं तर वीट चुरडते, म्हणून बीमच्या टोकाखाली काँक्रीटचा जाड ठोकळा देतात. हे तो बोलला का? नसेल बोलला तर त्याला घरात घेऊ नकोस.

बघ, झालं सुरू माझं. सॉरी. तू एवढी मोठी टीम सांभाळतेस आणि मी तुला विटा शिकवतोय.

पण मनू, २५ जुलै २०१७ तुला आठवत असेल. तू नुकतीच ऐरोलीला नोकरीला लागलेलीस. घाटकोपरला ती चार मजली बिल्डिंग सकाळी खाली आली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर रिनोव्हेशन चालू होतं आणि तिथल्या खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. वरच्या मजल्यांवरची माणसं आपापल्या घरात होती, कुणी चहा पीत असेल, कुणी डबा भरत असेल, त्यांनी काही पाडलं नव्हतं. साईटवर आयुष्य गेलेल्या माणसाला असली बातमी नुसती बातमी राहत नाही. तुझं घर दोन मजल्यांचं आहे, तिकडचे नियम कडक आहेत, हे मला कळतं. तरी रात्री जाग आली की ते डोळ्यांसमोर येतं, त्याला मी काय करू.

म्हणून दुसरं बोलतो, हीटिंगचं. तू म्हणालीस बॉयलर काढून हीट पंप लावायचा, सरकार ७,५०० पाऊंड ग्रँट देतं. चांगलं आहे, घ्या. मी त्यावर बराच वेळ वाचत बसलो होतो, आपल्याला इथे गीझरच्या पलीकडे काय माहिती. पण एसी उलटा फिरवावा तसंच ते दिसतं, बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून पाण्यात टाकायची. बॉयलरचं पाणी ७० डिग्रीच्या आसपास फिरतं, याचं ४५-५०. म्हणजे तेवढीच खोली गरम करायला रेडिएटर मोठे लागणार, आणि भिंती-छपरातून गळती कमी लागणार. तर आधी पोटमाळ्यावर इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, तिकडे २७० मिलिमीटर जाडी सांगतात, ते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी. तुझ्या भिंती भरीव ९ इंची आहेत, मध्ये पोकळी नाही, त्यांना आतून काही लावायचं तर ओल कुठे जाणार हे विचारून लावा, सिमेंटने गच्च लिंपलं की आतली ओल आतच राहते. आणि निखिलने वारा येतो म्हणून खालची ती जाळीची भोकं बुजवली म्हणालीस ती आजच्या आज मोकळी करायला सांग. ती लाकडी फ्लोअरच्या खाली हवा खेळायला ठेवलेली आहेत, बंद केली की तुळया कुजतात. थंडी वाजते तर फळ्यांच्या खाली इन्सुलेशन लावा, भोकं बुजवू नका.

आता हे नीट वाच. हीट पंपवाला प्रत्येक खोलीचा हिशोब काढेल, किती उष्णता जाते, किती रेडिएटर लागतो. तो हिशोब भिंत पाडल्यानंतरच्या खोलीचा हवा. दोन खोल्यांची एक झाली, जिन्याकडे उघडी झाली, की सगळी गरम हवा वर पळते, आणि त्या भिंतीवर जो रेडिएटर बसणार होता त्याला जागाच राहत नाही. म्हणजे इंजिनियर आणि हीटिंगवाला दोघं एकाच ड्रॉइंगवर पाहिजेत. तिकडे कॉम्बी बॉयलर, म्हणजे पाणी न साठवता लागेल तसं तापवणारा, जातो तेव्हा गरम पाण्याचा सिलिंडर, म्हणजे टाकी येते. २०० लिटरची घेतली तर नुसतं पाणी २०० किलो. ती वरच्या मजल्यावर ठेवायची असेल तर कुठल्या तुळयांवर, आणि त्या तुळया कुठल्या भिंतीवर? बघ, परत भिंतीशीच आलो, पण मी ओढून नाही आणलं, घर तसंच आहे.

आणि प्लंबर. प्लंबर वाईट नसतात पण पाईप न्यायचा असला की त्यांना फक्त पाईप दिसतो. फळ्या उचलतील आणि तुळयांना वरून खाचा मारतील. नियम असा की खाच तुळईच्या उंचीच्या आठव्या हिश्शापेक्षा खोल नको, आणि गाळ्याच्या, म्हणजे तुळईच्या दोन टोकांच्या, मधोमध तर नकोच. ८ इंची तुळईला म्हणजे १ इंच. भोक पाडायचं तर ते बरोबर मधल्या रेषेवर, पाव उंचीपेक्षा मोठं नको. काम चालू असताना तू स्वतः उभी राहा, टेप घेऊन. तू लहानपणी नेरूळच्या साईटवर यायचीस, माझं हेल्मेट तुझ्या नाकापर्यंत यायचं, आणि एकदा त्या मोठ्या हॉलच्या स्लॅबखाली उभं राहून विचारलंस "बाबा या काठ्या कधी काढणार?" मी म्हटलं १४ दिवसांनी, तर तू घरी जाऊन कॅलेंडरवर खुणा केल्यास आणि रोज एक खोडायचीस. मुकादम अजून विचारतो, ती टेकूवाली काय करते आता. मी सांगतो इंग्लंडला आहे, घर घेतलंय. त्याचे डोळे मोठे होतात. माझेही होतात, मी दाखवत नाही.

बाकी किरकोळ. छताला आतून खरखरीत नक्षीचा जुना थर आहे म्हणालीस, तो खरवडायच्या आधी अ‍ॅस्बेस्टॉससाठी तपासून घ्या, तिकडे १९९९ पर्यंत ते पूर्ण बंद नव्हतं. गॅसला हात लावणारा माणूस गॅस सेफ रजिस्टरवरचाच, म्हणजे तिकडच्या अधिकृत गॅस कारागिरांच्या यादीतलाच. वायरिंगच्या झिऱ्या, पाईप, सगळं प्लास्टरच्या आधी. काम झालं की बिल्डिंग कंट्रोलचं, म्हणजे बांधकाम नियमात आहे का हे तपासणाऱ्यांचं, कम्प्लिशन सर्टिफिकेट घेऊन ठेव, घर विकताना मागतात.

पैशाचं बोलायचं नाही असं ठरलं होतं, पण इंजिनियरची फी वाचवायची म्हणून बिल्डरवर सोडलं असेल तर ती फी मी देतो. एफडी आहे, पडून आहे. तू नाही म्हणशील. आईने पण सांगितलं की हे लिहू नका, तिला राग येईल. येऊ दे.

आणि पाडकाम चालू असताना त्या घरात राहू नका. धूळ, थंडी, बंद हीटिंग, आरवचा खोकला. त्या दिवसांत तू आणि आरव इकडे या ना. आपल्याकडे डिसेंबरला हीटर लागत नाही, आई तर आत्ताच गादीला नवीन खोळ शिवतेय, मी तिला म्हटलं अजून विचारलं पण नाहीये. निखिलला सुट्टी नसेल तर तो येईल नंतर. हे भिंतीमुळे म्हणतोय असं समजू नकोस, म्हणजे भिंतीमुळेच म्हणतोय, पण तसंही या.

रागावू नकोस. तुला कळत नाही असं मला कधीच वाटलं नाही, उलट तुला माझ्यापेक्षा लवकर कळतं. फक्त मी तिथे नाहीये, एवढंच. इथे असतीस तर मी सकाळीच येऊन हातोडीने ठोकून आवाज ऐकला असता, पोकळ की भरीव, आणि गप्प बसलो असतो.

तुझे
बाबा

ता.क. खिळ्यांच्या रेषेचा फोटो काढताना भिंत कुठे आहे ते पण दिसू दे, नुसत्या फळ्यांचा नको. आणि इंजिनियरचं ड्रॉइंग आलं की पीडीएफ पाठव, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो काढून पाठवलास तर माप वाचता येत नाही.