पीसी घेताना विंडोज होम की प्रो ते बघा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

कॉम्प्युटर लॅबच्या बातम्या येतात त्या किती पीसी आले आणि फीत कोणी कापली एवढ्याच, नंतर आत काय चालतं ते कुणी लिहीत नाही. मी एका ज्युनियर कॉलेजची लॅब सांभाळतो. मुलं आज एका पीसीवर बसतात उद्या दुसऱ्या, एकावर मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड चालू, शेजारच्यावर नुसतं इंग्रजी, तिसऱ्यावर कुणीतरी टास्कबार उजवीकडे नेऊन ठेवलाय. तास सुरू झाला की "सर, माझ्याकडे मराठी येत नाहीये".

लोक म्हणतात डीप फ्रीझ टाका, म्हणजे रीस्टार्टला केलेले बदल पुसणारं सॉफ्टवेअर. पण त्याने जो पीसी जसा होता तसाच परत होतो, सगळे सारखे कुठे होतात?

खरा उपाय विंडोजमध्ये एनटी या जुन्या आवृत्तीच्या काळापासून आहे, रोमिंग प्रोफाइल. लॉगिन केलं की तुमची प्रोफाइल, म्हणजे तुमच्या सेटिंग आणि फायली, सर्व्हरवरून (लॅबच्या मुख्य पीसीवरून) त्या पीसीवर उतरते, लॉगआउटला बदल परत सर्व्हरवर जातात, म्हणजे कीबोर्डची भाषा, वॉलपेपर वगैरे माणसाबरोबर फिरतं, मग तो कुठल्याही मशीनवर बसो. मुलांसाठी तर मँडेटरी (न बदलणारी) प्रोफाइल बेस्ट, एनटीयूजर डॅट फाइलचं नाव बदलून एनटीयूजर मॅन केलं की मुलांनी सेटिंगची कितीही वाट लावली तरी लॉगआउटला सगळं साफ. साध्या रोमिंगची एक खोड मात्र आहे. डेस्कटॉपवर कुणी पिक्चर टाकून ठेवला तर तोही नेटवर्कवरून ये-जा करतो, आणि सगळा वर्ग एकदम लॉगिन करतो तेव्हा स्क्रीनवर नुसतं गोल गोल फिरत बसतं. म्हणून फोल्डर रिडायरेक्शन लावायचं, फायली सर्व्हरवरच राहतात.

मग हे कुणी करत का नाही? कारण त्यासाठी पीसी डोमेनला, म्हणजे सगळ्यांची लॉगिन एका सर्व्हरवरून सांभाळणाऱ्या व्यवस्थेला, जोडावे लागतात आणि विंडोजची होम आवृत्ती डोमेनला जोडताच येत नाही! प्रो किंवा एज्युकेशन आवृत्ती लागते. खरेदीच्या कागदावर रॅम, प्रोसेसर, मॉनिटर किती इंची सगळं असतं, विंडोजपुढे मात्र काहीच लिहिलेलं नसतं, मग व्हेंडर स्वस्तातलं होम घालून देतो, त्याची तरी काय चूक.

सर्व्हरला पैसे नाहीत हे कारण मला पटत नाही. सांबा हे सर्व्हरचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि २०१२ मध्ये आलेल्या ४.० पासून ते अॅक्टिव्ह डिरेक्टरीचं (मायक्रोसॉफ्टच्या डोमेन व्यवस्थेचं) काम करतं, एका पीसीवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकून भागतं. (बॅकअप घ्या पण, तो पीसी बसला की सगळी लॅब बसते.) आणि अख्खी लॅबच लिनक्सवर नेली तर अजून सोपं, प्रत्येकाचं होम फोल्डर (त्याच्या फायलींचा कप्पा) एनएफएसने, म्हणजे नेटवर्कवरून फोल्डर वापरायच्या सोयीने, सर्व्हरवर ठेवायचं, सेटिंग त्यातच असतात. केरळच्या सरकारी शाळा लिनक्सवर कधीच गेल्यात, आपल्याकडे नाव काढलं तरी कपाळाला आठ्या.

विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलाय, त्यामुळे नवी खरेदी सगळीकडे निघणारच. शिक्षण विभागाने आणि संस्थाचालकांनी टेंडरमध्ये एवढं तरी घालावं की विंडोज डोमेनला जोडता येणारं हवं, आणि व्हेंडरने एकाच नावाने दोन वेगळ्या पीसीवर लॉगिन करून दोन्हीकडे मराठी टाइप करून दाखवल्याशिवाय बिल पास करायचं नाही.

— एक लॅब असिस्टंट