भूत सापडलं, काका सापडेनात

दांडिया बाजार, वडोदरा

प्रिय मंजे,

दिवाळीपासून पत्र नाही म्हणून शिव्या घालत असशील, घाल. माझी पाठ बरी, बाबांची साखर ताब्यात. आता मुद्द्याचं. मंडळाच्या साइटवरचं भूत सापडलं! घरात सांगितलं तर "अच्छा" म्हणून सगळे पुन्हा क्रिकेटकडे वळले, म्हणून तुझ्या माथी.

बापूकाकांचा रोज सकाळी फोन. वर्गणीचं पान उघडंबोडकं दिसतंय, मजकूर एकाखाली एक घसरलाय आणि ब्राउझर म्हणतो फॉर्म सुरक्षित नाही. मी दुपारी बघावं तर सगळं जागच्या जागी. काकांना वाटे मी टाळतेय, मला वाटे हे चष्म्याशिवाय बघतात. शेवटी बैठकीत त्यांनी सरळ पावतीपुस्तकं बाहेर काढली. "लोकांचे पैसे आहेत, शुभा." माझ्या तोंडाला कुलूप.

साइटचं सुरक्षिततेचं सर्टिफिकेट ठीक होतं, ९० दिवसांचं, आपोआप नवं होणारं. भानगड रात्रीची निघाली. तीन वाजता क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं करणारा गडी, कॅशे (तयार पानांचा साठा) पुसतो, मग एक स्क्रिप्ट सगळी पानं उघडून कॅशे पुन्हा भरते. ती सर्व्हरच्या आतूनच साध्या, म्हणजे असुरक्षित, एचटीटीपीने पान मागायची. बाहेरून तसं कुणी आलं तर पुढचा प्रॉक्सी, म्हणजे दारावरचा सर्व्हर, ३०१ (पत्ता कायमचा बदलला हा निरोप) देऊन सुरक्षित एचटीटीपीएसवर वळवतो. ही आतली म्हणून सुटली. प्रॉक्सी एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर (मागणीसोबतची चिठ्ठी) लावून मागच्या सर्व्हरला कळवतो की मूळ मागणी एचटीटीपीएसची होती. स्क्रिप्टला ते हेडर कोण लावणार? साइटने तिला सगळ्या लिंका एचटीटीपीच्या दिल्या, स्टाइलशीटची (पानाच्या रूपाची फाइल) आणि फॉर्मचीसुद्धा. कॅशेच्या किल्लीत, म्हणजे साठ्यातलं पान ज्या नावाने शोधतात त्यात, फक्त डोमेन आणि पानाचा पत्ता, एचटीटीपी की एचटीटीपीएस हे नाहीच. त्यामुळे तेच पान सकाळी काकांच्या पुढ्यात, आणि सुरक्षित पानातली एचटीटीपीची स्टाइलशीट ब्राउझर अडवतो, म्हणून ते उघडंबोडकं. दुपारपर्यंत त्याची मुदत संपे, कुणाच्या तरी मागणीवर नवं पान बने, चांगलं. आणि मी कायम लॉगिन केलेली, मला कॅशेतलं पान मिळतच नाही. काका बिचारे खरं बोलत होते.

आता किल्लीत प्रोटोकॉल घातला, साइटचा पत्ता सेटिंगमध्ये एचटीटीपीएस म्हणून पक्का केला, स्क्रिप्टला बाहेरच्या दारातून यायला लावलं आणि कॅशे पूर्ण पुसला. ऑफिसातला तो शहाणा म्हणाला, अपग्रेड-इन्सिक्योर-रिक्वेस्ट्स लाव, एचटीटीपीच्या लिंका ब्राउझरच एचटीटीपीएसने मागेल, काम झालं. ब्राउझरपुरतं झालं, बाबा! पान वाचणाऱ्या सर्च इंजिनाला आणि फीडला जुन्याच लिंका जाणार, त्याचं काय?

तू म्हणशील, एवढ्याशा साइटला कॅशे हवाच कशाला. पुन्हा तेच भांडण! गणपतीत आरतीच्या वेळा टाकल्या की सगळा रावपुरा एकदम साइट उघडतो, तेव्हा तू नसतेस इथे. तू तिकडे बसून दोन स्लॅशवाल्या (प्रोटोकॉल न लिहिता // ने सुरू होणाऱ्या) लिंकांचा आग्रह धरायचीस, त्याही मी घातल्या नाहीत आणि घालणार नाही. त्या पैजेची सेव उसळ अजून बाकी आहे, लक्षात असू दे.

मला खातंय ते वेगळंच. काकांनी निदान फोन केला. ज्यांनी तो इशारा बघून गुपचूप पान बंद केलं, त्यांचं काय? लॉगमध्ये पान उघडल्याची नोंद आहे, पुढे काही नाही. तो घाबरला की त्याला दारावर कुणी आलं म्हणून उठला, कसं कळणार? चिंगीच्या सासूबाई दरवर्षी पहिल्याच दिवशी भरतात, यंदा त्यांचं नाव नाही. विचारायला जावं तर वर्गणी मागायला आल्यासारखं दिसतं. न जावं तर त्या चारचौघींत सांगणार, साइटवर काहीतरी घोटाळा आहे. आणि काकांना समजावायला गेले की ते म्हणतात, "झालं ना दुरुस्त? मग पावतीपुस्तक काय वाईट आहे?"

तुझं नवं घर लागलं का? नकुलला शाळा आवडली? आईंच्या गुडघ्याचं कळव.

आणि एक काम. उद्या सकाळी सातच्या आत, लॉगिन न करता, वर्गणीचं पान उघड आणि सोर्समध्ये फॉर्मचा पत्ता बघ. बरोबर असला तर मला नको, काकांना फोन कर. तुझ्यावर त्यांचा विश्वास आहे. का, ते मला आजवर कळलेलं नाही.

तुझी,
शुभा