न बोलावता आलेल्या मिस्त्रीकाकांना

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

आपले नाव जाहीर करू नये, असे आपण बजावले आहे, म्हणून ते लिहीत नाही. पंचवटीत ज्यांची घरे अजून कौलारू आहेत, त्यांना हे पत्र कोणाला उद्देशून आहे ते सहज कळेल.

आमच्या माळ्यावर भर दुपारीही दिवा लावावा लागे. मुलीच्या अभ्यासासाठी तेथे छपरातून उभी खिडकी बाहेर काढायची, ज्याला हल्ली डॉर्मर म्हणतात तसे काहीतरी करायचे, असे ठरले. आपल्याआधी ज्यांनी हे काम घेतले, त्यांनी उचल घेतली, मधला वासा कापून तसाच अधांतरी सोडला आणि खिडकीचे लहानसे छप्पर मूळ पाख्याला मिळते त्या सांध्यात सिमेंट भरून ते मोकळे झाले. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आटते. सिमेंट त्याच्याबरोबर हलत नाही, तडकते. वळवाच्या पहिल्याच सरीला पाणी थेट पुस्तकांवर उतरले. त्यानंतर त्यांचा फोन लागेना, आणि लागला तेव्हा सिंहस्थाच्या कामांमुळे माणसे मिळत नसल्याचे कळले. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, सबबी मात्र बारमाही असतात. खिडकी त्यांनी उत्तरेच्या पाख्यात काढली होती, एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे. नाशिक सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे वर्षाचा बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि उत्तरेकडून ऊन न येता उजेड येतो.

आपण कापलेल्या वाशाचा भार शेजारच्या वाशांवर नीट घेतलात, सांध्यातले सिमेंट खरवडून तेथे जस्ती पत्र्याची पन्हाळ कौलांखाली खोलवर सारलीत, आणि नव्या कौलांच्या खाचा जुन्यांशी जुळेनात तेव्हा पाडलेल्या एका वाड्यातून जुळणारी कौले शोधून आणलीत. या कामाचे पैसे आपण घेतले आणि आम्ही आनंदाने दिले.

ज्याचे पैसे देता येत नाहीत, त्यासाठी हे पत्र आहे. आषाढातला पहिला मोठा पाऊस रात्रभर कोसळला आणि सकाळी, आम्ही माळ्यावर जाऊन पाहण्याआधीच, आपण दारात उभे होता. कोणी फोन केला नव्हता. चपला बाहेर काढून, ओले पाय पायपुसण्यावर दोनदा पुसून आपण विचारलेत, “वहिनी, जरा वर जाऊन येऊ का?” वर जाऊन आपण दिवा लावला नाहीत; सांध्याखालच्या लाकडावरून तळहाताची मागची बाजू हळूहळू फिरवत नेलीत, कारण ओल तेथे आधी कळते, असे आपण मुलीला सांगितले. मग तिलाही तसेच करून पाहायला लावलेत. लाकूड कोरडे होते. चहासुद्धा न घेता आपण निघालात, कारण त्या सकाळी आपल्याला अशीच आणखी काही छपरे पाहायची होती.

काम संपल्यावर स्वतःच्या कामाकडे संशयाने पाहण्याची ही रीत आम्हाला फार मोलाची वाटते. पदवी, पाटी आणि छापील अंदाजपत्रक असलेल्या माणसांत ती आम्हाला आढळली नव्हती.

दिवाळीनंतर पश्चिमेच्या पाख्याची शाकारणी करायची आहे. आपल्या सवडीने दिवस कळवावा. त्या दिवशी चहा घेतल्याशिवाय मात्र सोडणार नाही.

आपली कृतज्ञ,
पंचवटीतील वहिनी