रामन राघवचा फोटो पुरे, फियालोंचा फोटो छापा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

हल्ली मोबाइल उघडला की चार दिवसांआड साठच्या दशकात मुंबईत झोपलेल्या लोकांचे खून करणाऱ्या रामन राघवचं रील समोर येतंच, मागे ते भुताटकीचं म्युझिक, तोच ब्लॅक अँड व्हाइट फोटो आणि सगळं पुराण त्या खुन्याचंच, ज्यानं धरला त्या सब-इन्स्पेक्टर फियालोंचं नावसुद्धा नाही. म्हणून म्हटलं पत्र टाकावं.

माझी आजी 1968 ला मालाडला चाळीत राहायची. ती सांगायची, कितीही उकडलं तरी बाहेर व्हरांड्यात झोपायची कुणाची छाती व्हायची नाही, बाप्ये आळीपाळीनं काठ्या घेऊन रात्रभर गस्त घालायचे, आणि एकदा तर आमच्या आजोबांनाच पलीकडच्या चाळीतल्या पोरांनी घेरलं, बिचारे रात्रपाळी करून डबा हातात घेऊन येत होते! मरत होते ते झोपडीतले नाहीतर फुटपाथवर झोपलेले, झोपेतच डोक्यात घाव, ओळख नाही पाळख नाही, मग पोलिसांनी धागा धरायचा तरी कुठला?

त्यात 1966 च्या आसपास जीआयपी लाइनच्या (आताच्या मध्य रेल्वेच्या) बाजूला असेच खून झाले तेव्हा हा बाबा पोलिसांच्या हाताला लागला होता, पण ठोस पुरावा नाही म्हणून सोडावा लागला. 1968 ला रमाकांत कुलकर्णी क्राइमचे डीसीपी झाले, त्यांनी अख्ख्या शहरात शोध सुरू केला. आणि 27 ऑगस्टला ॲलेक्स फियालो नावाच्या तरुण सब-इन्स्पेक्टरनं त्याला ओळखला. कशावरून, तर फोटो आणि वाचलेल्या लोकांनी सांगितलेलं वर्णन, बस. ना कॅमेरा ना मोबाइल लोकेशन. खाकी हाफ पँटवाला माणूस, मुंबईत असे हजारो फिरत असतील तेव्हा. झडतीत काय निघालं बघा: चष्मा, दोन कंगवे, कात्री, उदबत्तीचं स्टँड, साबण, लसूण, चहापावडर. हे सामान बघून मी तरी म्हटलं असतं जाऊ दे गरिबाला. फियालोंनी जाऊ दिलं नाही. नाव रामन राघव सांगितलं, पण बोटांचे ठसे जुन्या रेकॉर्डशी ताडून पाहिले तर हाच त्या रेकॉर्डमधला सिंधी दलवाई निघाला, म्हणजे त्याचंच दुसरं नाव.

पुढे कोठडीत तो तोंड उघडेना, मग कोंबडी खाऊ घातली, खोबरेल तेल, कंगवा, आरसा दिला तेव्हा बोलायला लागला, हा भाग मात्र रीलवाले अगदी चवीनं सांगतात. 1987 ला हायकोर्टानं फाशीची जन्मठेप केली आणि 1995 ला पुण्यात ससूनला तो मेला, तेही सांगतात. फियालो मात्र गायब!

मला वाटतं आजही कॅमेऱ्यापेक्षा असा चेहरा लक्षात ठेवणारा माणूस जास्त कामाचा, पण आमच्या बीटवरचे हवालदार सारखे बंदोबस्ताला, त्यांना गल्लीतली माणसं ओळखू येणार कधी?

असो. तुमच्या जुन्या अंकांत फियालोंचा फोटो सापडला तर येत्या 27 ऑगस्टला छापाल का? आणि प्लीज, शेजारी त्या दुसऱ्याचा नको.

आपला एक वाचक, मालाड