खांदशेकणीच्या रात्री आम्हाला आवतन देणाऱ्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

नावानं तुम्ही मला ओळखणार नाही. एसटीत घामानं थबथबलेल्या म्हाताऱ्याची लेक म्हटलं की ओळखाल. यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे बैलांच्या खांदशेकणीला, नाल्याला पूर आला आणि नागपूरहून मांढळकडे निघालेली आमची गाडी तुमच्या गावाशी थांबली. त्या रात्री ड्रायव्हर-कंडक्टर धरून आम्ही सव्वीस माणसं तुमच्या घरी जेवलो. सकाळी पाणी उतरलं, ड्रायव्हरदादांनी हॉर्न दिला, मी घाईघाईनं तुमच्या पाया पडले आणि बाबांना गाडीत चढवलं. नाव विचारायचं राहिलं, फोन नंबर घ्यायचा राहिला.

पोळा झाला, इकडे नागपुरात मारबतीची मिरवणूक निघाली, गणपती बसले, घरच्या महालक्ष्म्याही जेवून गेल्या. महालक्ष्म्यांच्या पंगतीत वाढताना तुमचीच आठवण येत होती. तेव्हाच ठरवलं, तुम्हाला पत्र लिहायचं आणि सगळ्यांना दिसेल असं लिहायचं. कुही-मांढळकडचं कोणीतरी वाचेल, तुमच्या नातवाला सांगेल आणि तो तुम्हाला वाचून दाखवेल.

तीन दिवसांची झड लागली होती. तरी गणेशपेठच्या स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती, कारण पोळ्याला गावी पोचायचंच होतं प्रत्येकाला. कोणाच्या हातात झुली, कोणाजवळ गोंडे आणि घुंगरमाळा. एका भाऊंनी पोरासाठी नागपूरच्या महाल भागातून लाकडी नंदी घेतला होता, तान्ह्या पोळ्याचा, चाकाचा, आणि तो भिजू नये म्हणून स्वतःचा रेनकोट काढून त्याला गुंडाळला होता. उमरेड रोडनं पाचगाव गेलं, कुही गेली, आणि मग पुढे तो नाला.

ड्रायव्हरदादांचे आभार इथंच मानते, कारण तुमच्या घरचं जेवण त्यांच्यामुळे मिळालं. पुलावरून पाणी वाहत होतं, फार नाही, गुडघाभर असेल असं सगळ्यांना वाटत होतं. पलीकडे पुढचं गाव दिसत होतं. दोघंतिघं उठून म्हणायला लागले, ‘काढा जी गाडी, एवढ्याशा पाण्यानं काय होते!’ दादांनी गाडी मागे घेतली, उंचवट्यावर लावली, इंजिन बंद केलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. म्हणाले, ‘पाणी किती हाय ते मले दिसते. त्याच्याखाली रस्ता हाय का नाही, ते मले दिसत नाही.’ २०२१ च्या सप्टेंबरात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर नागपूरकडे येणारी एसटी पुलावरच्या पाण्यातून वाहून गेली होती, माणसं गेली होती. गाडीतल्या कोणीतरी ती आठवण काढली आणि मग कोणी काही बोललं नाही.

आता चूक माझी. बाबांना रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास इन्शुलिन लागतं. पाऊस जरा उघडला, कोणीतरी म्हणालं की पाणी आता उतरलंच, अर्ध्या तासात घरी. गावी काकूनं स्वयंपाक करून ठेवलाच होता. मी सात वाजता बाबांना सुई दिली. सव्वासातला पुन्हा पाऊस आला, आणि असा आला की पूल दिसेनासा झाला. इन्शुलिन अंगात गेलेलं, पोटात काही नाही. पिशवीतला बिस्किटांचा पुडा मी दुपारीच मागच्या सीटवरच्या लेकराला देऊन टाकला होता. आठच्या सुमाराला बाबांचा हात थरथरायला लागला, बनियन भिजलं आणि त्यांनी मला माझ्या आत्याच्या नावानं हाक मारली. त्या हाकेनं माझे हातपाय गळाले. मी नुसती ‘बाबा, बाबा’ करत बसले. कोणाजवळ काही गोड आहे का, हे विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही.

तेवढ्यात तुम्ही आलात. डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ, हातात टॉर्च. पायरीवर उभं राहून तुम्ही आत उजेड मारला आणि म्हणालात, ‘काहून बसले जी इथं? पाणी काही आज उतरत नाही.’ मग टॉर्च बाबांच्या चेहऱ्यावर आला आणि तिथंच थांबला. ‘यायले शुगर हाय का?’ मी मान हलवली. ‘आमच्या घरच्यायलेही अस्संच होये,’ एवढं बोलून तुम्ही नातवाला पिटाळलंत. तो पोरगा चिखलातून पळत गेला आणि साखरेचा अख्खा डबा घेऊन आला.

पुढच्या सीटवर एक नर्सताई होत्या. त्यांनी आधी बाबांना घोट गिळता येतो का ते पाहिलं, मग तीन चमचे साखर पाण्यात ढवळून घोटघोट पाजली आणि घड्याळ पाहत बसल्या. पंधरा मिनिटं. तोवर तुम्ही बाबांचा पदरानं घाम पुसत होतात. पंधरा मिनिटांनी बाबांनी तुमच्याकडे पाहून विचारलं, ‘तुम्ही कोण जी?’ आणि मला रडू आलं. नर्सताई म्हणाल्या, साखर पुन्हा उतरू शकते, आता यांना पोटभर जेवण पाहिजे. तुम्ही म्हणालात, ‘मंग चाला घरी.’ सगळ्या गाडीला म्हणालात.

मावशी, लोक संकोचले होते. सव्वीस माणसं, परकं घर, लाइट गेलेले, त्यात सणाची गडबड. तुमच्या अंगणात मांडवाखाली बैल उभे होते आणि तुमचा मुलगा पळसाच्या पानानं त्यांच्या खांद्याला हळद-तूप चोळत होता. वर्षभर जू वाहून काळवंडलेला तो खांदा मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिला. त्यानं बैलाच्या कानाशी वाकून म्हटलं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ आमच्या गावी आजोबाही असंच म्हणायचे. आम्ही सगळे ओलेचिंब, ओळीनं त्या बैलांशेजारी उभे. तुम्ही आमच्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, ‘त्यायले उद्याचं आवतन, तुमाले आजचं. बसा.’

त्या एका वाक्यानं आमचा संकोच गेला. आम्ही पुरात अडकलेली माणसं उरलो नाही, पाहुणे झालो.

पाहुणे तरी कसले, तुम्ही प्रत्येकाला कामाला लावलंत! कॉलेजातल्या तिघी पोरींना पळसाची पानं आणि काड्या दिल्या, त्यांनी जन्मात पहिल्यांदा पत्रावळी लावल्या. पहिल्या दोन-चार उसवल्या, मग जमल्या. नंदीवाल्या भाऊंनी वळचणीतल्या तुराट्या काढून चूल पेटवली. गवंडीकाम करणाऱ्या जोडप्यातली बाई जात्यावर बसली, कंडक्टरताईंनी तिकिटाचं मशीन बाजूला ठेवून समोरून खुंट्याला हात लावला, आणि चण्याची डाळ भरडायला लागली. भाजीपाला घरात नव्हता, बाजार पुरामुळे भरलाच नव्हता. तांदूळ होते, डाळ होती, तेल होतं, ताक होतं. एवढ्यावर वऱ्हाडात-नागपुरात सव्वीस माणसांचं जे जेवण होऊ शकतं ते तुम्ही केलंत: गोळा भात आणि कढी.

मी आजवर किती वेळा गोळा भात केला असेल, पण तुमचा हात पाहत राहिले. भरड्यात हळद, तिखट, मीठ, हिंग घातलं, कडकडीत तेलाचं मोहन घातलं, आणि पाण्याचा नुसता शिपका देऊन मुठीत दाबून गोळे वळले. घट्ट दाबले नाहीत, सुटतील इतके सैलही ठेवले नाहीत. भात अर्धा शिजला तसे ते वर मांडले, झाकण ठेवलं, झाकणावर निखारे. कोणी मध्ये उघडून पाहायला गेलं तर तुम्ही हात धरलात, ‘वाफ जाते ना जी!’ नंतर लोखंडी पळीत तेल तापलं, मोहरी तडतडली, भिवापुरी मिरच्या पडल्या, आणि तो वास ओसरीभर पसरला. बाहेर पाऊस धो धो. आत एक कंदील, दोन दिवे, आणि सव्वीस माणसं एकदम गप्प.

पंगत दोन वेळा बसली. पहिल्या पंगतीत लेकरं, म्हातारे आणि बाबा. भातावर गोळा फोडायचा, बोटांनी सारखा करायचा, त्यावर फोडणीची पळी ओतायची. बाबांच्या पानावर तुम्ही स्वतः गोळा फोडलात, कारण त्यांची बोटं अजून कापत होती. तुमच्या अंगठ्याला हळद लागलेली होती, बैलाची की भरड्याची कोण जाणे. बाबांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाले, ‘मीठ बरोबर आहे.’ आमच्या घरी यापेक्षा मोठी दाद नाही. त्यांनी दोन वेळा भात मागून घेतला, वर कढी प्यायली. नर्सताई शेजारीच बसल्या होत्या, मध्येमध्ये त्यांच्या कपाळाला हात लावून पाहत होत्या.

मग गोष्टी निघाल्या. कोणाचं धान सडायला आलेलं, कोणाचं सोयाबीन पिवळं पडलेलं. एका पोरीनं २३ सप्टेंबर २०२३ ची रात्र सांगितली, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी झोपेतल्या वस्त्यांत शिरलं होतं ती. तुमचा मुलगा म्हणाला, तीच नाग नदी पुढे आमच्याच तालुक्यात येते आणि कन्हानला मिळते. तो सहज बोलला, पण ते माझ्या मनातून जात नाही. आम्हा नागपूरकरांचं सांडपाणी घेऊन ती नदी वर्षभर तुमच्याकडे वाहत येते. तुम्ही त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत, आम्हाला वाढत राहिलात. नागपुरात राहणाऱ्या प्रत्येकानं नाग नदीकडे बघताना ती कोणाच्या शेताशी जाते हे आठवावं, असं मला आता मनापासून वाटतं.

दुसऱ्या पंगतीत मी बसले. ड्रायव्हरदादा शेवटी आले, आधी गाडीला चक्कर मारून. रात्री बायका आत, पुरुष ओसरीवर, बैलांच्या घुंगरांचा आवाज आणि पत्र्यावरचा पाऊस. मला झोप लागली नाही, बाबांचा श्वास ऐकत होते. दोन वाजता तुम्ही उठून आलात, त्यांच्या अंगाला हात लावून पाहिलंत, घाम नाही म्हणून मला खूण केलीत आणि परत गेलात. मावशी, हे तुम्ही कोणाला सांगितलं नसेल. मी सांगते आहे.

सकाळी मला दोन गोष्टी कळल्या. पहिली अशी की, आम्ही चहा पीत होतो तेव्हा तुमचा मुलगा शेजारी डाळ उसनी मागायला गेला. रात्री जात्यावर भरडली ती पोळ्याच्या पुरणाची डाळ होती. वर्षातून एकदा बैलांना जो पुरणाचा घास भरवायचा, त्याची. तुम्ही ती काढून दिलीत तेव्हा तुमचा हात जरासुद्धा अडखळला नव्हता, मी जवळच होते.

दुसरी गोष्ट मला गाडीत बसल्यावर सुचली, आणि तेव्हापासून टोचते आहे. दुसरी पंगत उठली तेव्हा गंजाच्या, म्हणजे भाताच्या पातेल्याच्या, तळाशी खरवड होती, मी स्वतः तो गंज घासायला घेतला. तुम्ही जेवलात का, हे मी विचारलंच नाही. तुम्हाला पानावर बसलेलं मी पाहिलं नाही. सव्वीस जणांपैकी कोणीच पाहिलं नसेल. या पत्राचं निम्मं कारण तेच आहे.

बाबा बरे आहेत. त्यांच्या शर्टाच्या खिशात आता साखरेच्या पुड्या असतात, आणि पान समोर आल्याशिवाय सुई द्यायची नाही हा नियम मी भिंतीवर लिहून लावला आहे. तुमच्या गावचा विषय निघाला की ते पत्रावळ कशी होती, मिरची किती लाल होती, सगळं सांगत बसतात. आत्याच्या नावानं हाक मारल्याचं त्यांना आठवत नाही, मीही आठवण करून देत नाही.

तर मावशी, आवतन घ्या. सोयाबीन घरात आलं की एक दिवस काढा, मुलाला, सुनेला, नातवाला घेऊन नागपूरला जेवायला या. सकाळची गाडी धरा, गणेशपेठच्या स्टँडवर बाबा तुम्हाला घ्यायला उभे राहतील, त्यांनी तसं बजावून लिहायला सांगितलं आहे. पुरण करणार आहे, भरपूर. गोळा भातही करणार आहे, पण तुम्ही चुलीकडे यायचं नाही. पहिल्या पंगतीत बसायचं, आणि वाढायला मी.

तुमची,
इन्शुलिनवाल्या बाबांची लेक
नागपूर