सत्तावीस डॉलर वीस सेंट

वॉशिंग्टन, १२ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गोऱ्या-काळ्यांतली विषमता दूर करण्यासाठी इथली विद्यापीठे खरोखर काही करतात की नुसत्या सभा भरवतात, असे तुम्ही मागच्या पत्रात विचारले होते. मी जॉर्जटाउनमध्ये शिकतो, म्हणून इथलेच लिहितो.

१८३८ साली मेरीलँडच्या जेसुइट धर्मगुरूंनी आपल्या मळ्यांवरची २७२ गुलाम माणसे लुइझियानातल्या मळेवाल्यांना १,१५,००० डॉलरला विकण्याचा करार केला आणि त्यातले काही पैसे कर्जात रुतलेल्या या कॉलेजसाठी वापरले. तो करार करणारे थॉमस मलेडी यांचे नाव इथल्या एका इमारतीला होते. २०१५ मध्ये विद्यार्थ्यांनी कुलगुरूंच्या कार्यालयाबाहेर ठाण मांडले, तेव्हा ते उतरले. आज तिथे आयझॅक हॉकिन्स हे नाव आहे. कराराची नक्कल मी वाचली. पहिली नोंद आयझॅक, वय ६५. लगेच खाली त्यांचा थोरला मुलगा चार्ल्स, वय ४०. पुढची नावे वाचताना माझा हात थांबला, कारण बापलेकांची वये तुमच्या-माझ्या वयांच्या जवळपासची आहेत.

माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना इथे प्रवेशात झुकते माप मिळते. या माणसांच्या वंशजांनाही तसेच माप देण्याचे विद्यापीठाने २०१६ मध्ये जाहीर केले आणि पुढच्या वर्षी त्यांच्यासमोर जाहीर माफी मागितली. मला मात्र सर्वांत मोलाचे वाटते ते एप्रिल २०१९ मधले विद्यार्थ्यांचे मतदान: वंशजांच्या भल्यासाठी प्रत्येकाने दर सत्राला २७.२० डॉलर जादा फी भरावी, या ठरावाच्या बाजूने सुमारे दोन तृतीयांश मते पडली. विकलेल्या माणसांची संख्याच त्यांनी फीच्या आकड्यात आणली होती. विद्यापीठाने फी लावली नाही, वर्षाला ४ लाख डॉलर देणग्यांतून उभे करण्याचे ठरवले. मला हे पटत नाही, कारण देणगी मर्जीवर असते आणि मुलांनी मागितली होती ती बांधिलकी.

जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना वंश विचारात घेण्यास मनाई केली, त्यामुळे ही वाट देशभर आणखी अरुंद झाली आहे. इथल्या मित्रांना मी सांगतो, की आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्येच निम्म्या नोकऱ्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या आणि खेड्यातल्या मुलांसाठी बोर्डिंगे काढली, तेव्हा ते बोर्डिंगांविषयीच जास्त विचारतात: जेवणाचे काय, खर्च कोण करी, वेगवेगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत का?

आजोबा बोर्डिंगात राहूनच शिकले. आत्याला त्यांच्याकडून ऐकलेले जे आठवत असेल ते कृपया विचारून कळवावे, पंगतीचे तर नक्की.

आईला नमस्कार.

आपला,
सुहास